‘गोष्टच नाही’ म्हणणाऱ्या दाजींना

‘अवतार’च्या तिसऱ्या भागाचा गाजावाजा सुरू झाला आणि दुसऱ्या भागाच्या नावाने खडे फोडणारा तो जुना मेसेज पुन्हा वर आला. आधी निपाणीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर आला, मग बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर आला. शेवटी आमच्या दाजींनी तो स्वतःच लिहिल्याच्या थाटात घरच्या ग्रुपवर टाकला. विषय ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’. म्हणणं थोडक्यात असं: तेरा वर्षं ताटकळत ठेवलं आणि दिलं काय? गोष्ट नाही, पहिल्याचीच झेरॉक्स. सगळं कॉम्प्युटरवर, मेहनत शून्य. मधला तास म्हणजे माशांची डॉक्युमेंटरी. चित्र टीव्ही सीरिअलसारखं. आणि शेवटी आव्हान: त्यातल्या चार पात्रांची नावं सांगून दाखवा!

दाजी, रागावू नका. तुमचा राग मला कळतो, पण तो चुकीच्या जागी पडलाय. सिनेमात खोट आहे, बरीच आहे. मेसेजवाल्याला मात्र ती सापडलेलीच नाही.

आधी ‘झेरॉक्स’चं बघू. सांगाडा जुनाच आहे, हे कबूल. २००९ च्या पहिल्या भागात पृथ्वीवरचा माणूस पँडोरा नावाच्या परक्या जगात, जंगलातल्या निळ्या, शेपटीवाल्या नाव्ही लोकांत येतो, त्यांची रीत शिकतो, शेवटी आपल्याच लोकांविरुद्ध लढतो. २०२२ च्या भागात तोच माणूस समुद्रकाठच्या लोकांत जातो, त्यांची रीत शिकतो, शेवटी लढतो. कागदावर मांडलं तर फरक फक्त झाडाऐवजी पाणी. पण पहिल्या वेळी या माणसाच्या, जेक सलीच्या, मागे कुणी नव्हतं. आता त्याच्या पाठीशी बायको आहे, तीन पोटची पोरं आहेत, एक सांभाळलेली मुलगी आहे. पहिल्यात तो आपल्या मनाने बाजू निवडतो. दुसऱ्यात त्याला निवडायची मोकळीकच नाही. शत्रू आपल्यामागे आहे, आपण इथे राहिलो तर सगळी जमात मरेल, म्हणून तो सरदारकी सोडतो आणि दुसऱ्याच्या दारात आसरा मागायला जातो. उजळ माथ्याने लढणाऱ्या नायकाला पाव्हणा म्हणून कुणाच्या अंगणात उभं करणं ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या आजीच्या माहेरचं रान हिडकलच्या पाण्यात गेलं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा ती बघायला जायची. नव्या गावात चाळीस वर्षं राहूनही तिला तिथले लोक ‘धरणातली’ म्हणायचे. जेकच्या पोरांना पहिल्या दिवशी त्यांच्या बारीक शेपट्यांवरून, काटकुळ्या हातांवरून चिडवतात, तेव्हा मला तीच आठवली. झेरॉक्स असती तर आठवली नसती.

आणि तो बाप! बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे असा बाप आपल्याकडे गल्लीगल्लीत सापडतो. पेन्शनीत आलेला सुभेदार, घरातही परेड. पोरांनी उलट बोलायचं नाही, चूक थोरल्याची असो की धाकट्याची, दोघांनी ताठ उभं राहायचं. जेक पोरांकडून ‘सर’ म्हणवून घेतो. दुसरा मुलगा लोआक त्या ‘सर’खाली गुदमरतो आणि बापाऐवजी कळपातून हाकललेल्या एका देवमाशाला जीव लावतो. (ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी इथून पुढच्या परिच्छेदावरून उडी मारावी.)

मेसेजवाला ज्या मधल्या तासाला माशांची डॉक्युमेंटरी म्हणतो, त्याच तासात समुद्रकाठची पोरगी त्सिरेया या जंगली पोरांना श्वास शिकवते. दम नुसता कोंडू नका, मन शांत करा, छाती ठोकत असेल तर हवा लवकर संपते. लांबण लागते, हो. मीही एकदा घड्याळ बघितलं. पण शेवटी बुडत्या जहाजात बाप घाबरून हातपाय मारत असतो, तेव्हा लोआक त्याला तोच धडा देतो, आणि ‘सर’ मुलाच्या मागून शिकाऊ पोरासारखा पोहत बाहेर येतो. थोरला गेलेला आहे आणि धाकट्याने बापाला वाचवलंय. मधला तास कापा, आणि ही जागा कोरडी पडते. पायकान नावाच्या त्या देवमाशाचंही तसंच. त्याची कर्मकथा सावकाश ऐकली नसती तर शिकारी जहाजावर तो झेप घेतो तेव्हा थेटरात शिट्ट्या वाजल्या नसत्या. मी गेले तेव्हा वाजल्या.

आता ‘कॉम्प्युटरवर, मेहनत शून्य’. याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण हेच सगळ्यात जास्त पसरलंय.

पोहणाऱ्या पात्रांची हालचाल हवेत दोरीला लटकवून खोटी करता आली असती. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने ते नाकारलं. त्याने सुमारे ९ लाख गॅलनची टाकी बांधून घेतली, म्हणजे ३४ लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्या अपार्टमेंटला दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे ३४० टँकर. त्यात नट खरोखर बुडी मारून अभिनय करायचे. पाठीला हवेचं नळकांडं चालत नव्हतं, कारण बुडबुड्यांनी कॅमेऱ्यांचा घोटाळा होतो. नटांच्या अंगावरच्या खुणा टिपून त्यांची हालचाल कॉम्प्युटरला देणारी यंत्रणा हवेत अवरक्त प्रकाशावर चालते, पण तो प्रकाश पाण्यात शोषला जातो. म्हणून पाण्याखाली वेगळा प्रकाश वापरावा लागला. वरच्या दिव्यांची तिरीप आत उतरू नये म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पांढऱ्या चेंडूंचा थर सोडला. नट धापा टाकत वर आला तर तो थर बाजूला सारून डोकं काढता यायचं. नटांनी दम धरायची रीतसर तालीम घेतली. केट विन्स्लेटने सात मिनिटांहून जास्त वेळ दम धरला. सिगूर्नी वीव्हर सिनेमा आला तेव्हा ७३ वर्षांची होती, आणि किरी या जेकने सांभाळलेल्या चौदा वर्षांच्या पोरीचं काम तिने याच टाकीत केलं.

मी खानापूरकडच्या एका खेड्यात विहिरीत पोहायला शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तळाची चिल्लर काढायला बुडी मारायचो तेव्हा चाळीस-पन्नास आकडे मोजले की कानात घण पडायचे. त्यामुळे सांगते, पाण्याखाली माणसाचे गाल, पापण्या, खांदे कसे होतात ते बाहेर बसून बनवता येत नाही. त्या पोरांच्या चेहऱ्यावर जी किंचित धास्ती दिसते ती टाकीतली आहे. वरची निळी कातडी, केस, पाण्याचा थेंबन् थेंब मात्र वेटा या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीच्या माणसांनी कॉम्प्युटरवर चढवलाय, आणि २०२३ च्या ऑस्करमध्ये दृश्यपरिणामांचा पुरस्कार त्यालाच मिळाला. कॉम्प्युटरवर बसणं म्हणजे मेहनत नाही, हे म्हणणारा माणूस आमच्या घरात आहे आणि त्याच्या स्वतःच्या मुलाने इंजिनिअरिंग केलंय. इतकंच लिहिते.

तेरा वर्षांचा हिशोबही अर्धवट आहे. आधी दुसरा भाग डिसेंबर २०१४ ला येणार असं जाहीर केलं होतं. मग तारीख पुढे पुढे गेली. नटांसोबतचं काम २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं, तिसऱ्या भागाचंही बरंचसं त्याच्या जोडीनेच उरकलं, मध्ये कोरोना आला आणि १६ डिसेंबर २०२२ ला सिनेमा लागला. वेळ गेला तो टाकीवर गेला, तसा तारखा देत बसण्यातही गेला. तारखांबद्दल शिव्या द्या, माझी हरकत नाही.

सीरिअलसारखं चित्र: इथे दाजी निम्मे बरोबर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, यातले पाण्यातले आणि धावपळीचे प्रसंग ४८ वर दाखवले. बंगळूरला बहिणीकडे तशा पडद्यावर दुसऱ्यांदा पाहिला. पाण्याखाली ते लख्ख, डोळ्याला न टोचणारं दिसतं, थ्रीडीचा चष्मा विसरायला होतो. पण बोलण्याच्या प्रसंगात प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ते २४ चं केलेलं, आणि एकाच प्रसंगात हे आलटून पालटून. डोळा एकदा चकचकीत फरशीवर, एकदा शेणसारवणावर. हा दोष खराच आहे.

नावांचं आव्हान सोडूनच देऊ. जगभरात सुमारे २.३ अब्ज डॉलरचा गल्ला जमवून तेव्हा कमाईच्या यादीत तिसरा आलेला सिनेमा ‘कुणाला आवडला नाही’ म्हणायचं आणि पुरावा म्हणून नावांची परीक्षा घ्यायची! दाजींना स्वतःच्या साडूच्या मुलांची नावं एका दमात येत नाहीत.

आता खोट. ती मेसेजमध्ये यायला हवी होती.

सुरुवातीलाच मानवांची सेनापती सांगते की पृथ्वी मरायला टेकली आहे, पँडोरावर माणसांसाठी नवं घर उभं करायचंय. बाप रे, केवढी मोठी गोष्ट! कोट्यवधी लोकांच्या जिवाचा प्रश्न, आणि त्यांचीही काही बाजू असू शकते. पण पुढच्या तीन तासांत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सगळी फौज एका माणसाच्या मागे लागते, आणि वर देवमाशाच्या डोक्यातून म्हातारपण थांबवणारा रस काढायचा नवा धंदा निघतो. विज्ञानकथेचा खरा प्रश्न उंबऱ्यात ठेवून सिनेमा आत शिरतो आणि परत येऊन बघतच नाही.

खलनायकही जुनाच. पहिल्या भागात मेलेल्या कर्नल क्वॉरिचच्या आठवणी नाव्ही देहात भरून त्याला परत आणलंय. तो जंगलात स्वतःचीच कवटी शोधतो, हातात घेतो आणि चुरडतो. या एका प्रसंगातून केवढं काढता आलं असतं! ‘मी तोच का?’ हा प्रश्न आयता समोर होता. पण तो पुन्हा बंदूक उचलून निघतो. याच कॅमेरॉनने १९८४ च्या ‘टर्मिनेटर’चा दुसरा भाग १९९१ मध्ये काढला तेव्हा मारेकऱ्यालाच राखणदार केलं होतं. ज्याला दुसरा भाग कसा उलटा फिरवायचा हे माहीत आहे, त्याने इथे जुनं नाणं पुन्हा चालवलं.

जेकच्या बायकोला, नेतिरीला, घराच्या कोपऱ्यात बसवलंय. पहिल्या भागाचा कणा असलेली बाई इथे बहुतेक वेळ नाराज उभी असते, आणि शेवटी शोकाने पेटते तेव्हाच तिच्या वाट्याला पडदा येतो. पोरांना तर किती वेळा पकडावं? धाकटी टुक स्वतःच वैतागून म्हणते की मला परत बांधलं. लेखकाला कळलंय हे कळतं, म्हणजे तर जास्तच चीड येते. किरी कुणाची मुलगी, समुद्र तिचं का ऐकतो, याचं उत्तर पुढच्या भागांच्या पदरात टाकलंय. पुढे काय मिळालं ते वेगळं. १९२ मिनिटांचं तिकीट काढलेल्याला त्याच दिवशी काहीतरी हातात पडायला हवं होतं.

आणि एक खोट फक्त आपल्यालाच दिसेल. हा सिनेमा भारतात सहा भाषांत आला: इंग्रजी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम. मराठीत नाही. मी आधी हिंदीत पाहिला, कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तात, रस्त्यावर पोलीस आणि एसटीची खात्री नाही अशा त्या डिसेंबरात. नंतर मोबाईलवर शेजारच्या अक्कांच्या पोरांबरोबर कन्नडमध्ये. सुरुवातीला जेक सांगतो की त्याला नाव्ही भाषा इतकी अंगवळणी पडली की ती आता आपल्याच भाषेसारखी ऐकू येते. हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाजारात भाजी घेताना वाक्य कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत कधी संपलं ते आपल्यालाही कळत नाही. पाण्याखाली बोलायला खुणांची भाषाही या सिनेमात आहे, सी. जे. जोन्स या कर्णबधिर नटाने बनवलेली. भाषेवर एवढी मेहनत! पण जंगलातली ही पोरं समुद्रकाठी येतात तेव्हा तिथली पोरं त्यांच्या शेपटीला हसतात, हाताच्या माणसासारख्या पाचव्या बोटाला हसतात, बोलण्याला मात्र कुणीच हसत नाही. मूळ इंग्रजीत समुद्रकाठच्यांचे हेल जरा वेगळे आहेत, तरी त्यावरून एक टोमणा नाही. मी पुण्याला नोकरीला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ‘मी जातो की आता’ म्हणाले, आणि पुढे वर्षभर सगळं ऑफिस मला ‘जातो की’ म्हणत होतं. बोटं मोजणाऱ्या पोरांना लोआकचे हेल कसे ऐकू आले नाहीत, हे मला पटत नाही. दाजी, हे सहावं म्हणून टाका मेसेजमध्ये. बाकीचे चार काढा, सीरिअलचा अर्धा ठेवा.