मे महिन्यात दुर्बीण कपाटात टाकू नका

एप्रिल संपला की कोकणातल्या पक्षीनिरीक्षकांचे फोटो एकदम आटतात. कुरव गेले, बदकं गेली, आता किनाऱ्यावर काय बघायचं, असा एकूण सूर. मला हे अजिबात पटत नाही. किनाऱ्यावर सातच दिवस मिळणार असतील तर मे महिन्याच्या उत्तरार्धातले घ्या. जानेवारीत पक्षी जास्त दिसतात हे मान्य, पण मे महिन्यात समोर आलेल्या जवळपास प्रत्येक पक्ष्याबद्दल 'हा अजून इथे कसा?' हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर शोधण्यातच खरी मजा आहे.

आठवडा कुठला, ते सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असतो. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, अमावास्येला सव्वाअकरा. रत्नागिरीला हे बरंचसं जुळतं, मुंबईला अर्धा-पाऊण तास पुढे धरा. चिखलात विखुरलेले पक्षी भरती पुरी व्हायच्या दोन ते अडीच तास आधीपासून पाण्यासोबत वर सरकतात आणि वाळूच्या एका पट्ट्यावर गोळा होतात. मोजायचे ते तेव्हाच. ऐन ओहोटीला खाडीवर जाऊन 'काहीच नव्हतं' म्हणणारे बरेच भेटतात. पक्षी असतात, पण अर्धा किलोमीटर लांब, चिखलाच्या पलीकडच्या कडेला.

म्हणून नवमी ते अमावास्या हा आठवडा सोयीचा. भरती रोज पाऊण तासाने पुढे जाते, पण सकाळ हातची जात नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्याचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी सगळेच काळे! नऊनंतर वाळूवरून वाफा उठायला लागतात, मग टेलिस्कोप ६० पटीवर नेऊन उपयोग नाही. २० ते २५ पटीवर ठेवा आणि पक्ष्याच्या जवळ जायचा दुसरा रस्ता शोधा.

नवमीला भरती पावणेसातलाच पुरी होते. तो दिवस खाडीवर घालवण्यापेक्षा सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, जा. उजाड कातळावर पीतमुखी टिटवीची वीण या दिवसांत चालू असते. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत. शेजारच्या खड्यांतून ती ओळखू येत नाहीत. दुपारी कातळ इतका तापतो की अंड्यांना ऊब देण्यापेक्षा गार ठेवणं हे मोठं काम होऊन बसतं. पक्षी डबक्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ओला येऊन अंड्यांवर बसतो. टिटवी ओरडत समोर पळायला लागली की पुढे पाऊल टाकू नका. जिथून आलात तिथूनच, पायाखाली बघत, मागे फिरा. फोटोसाठी दहा मिनिटं तिथे उभं राहणं म्हणजे दहा मिनिटं अंडी उन्हात.

उरलेले दिवस खाडीचे. रत्नागिरीजवळ भाट्याच्या मुखाशी, काजळी नदीच्या वाळूवर, अजूनही सँड प्लोव्हर हे छोटे किनारी पक्षी असतात. त्यांच्या दोन जाती इथे दिसतात, ग्रेटर आणि लेसर. बहुतेक मोठे या वेळेला उत्तरेकडे निघून गेलेले असतात. मागे राहतात ती मुख्यतः गेल्या वर्षीची पिल्लं, ज्यांना यंदा वीण करायची नाही. त्यामुळे एकाच थव्यात छातीवर नारिंगी पट्टा आलेला एखादा उशिरा निघालेला प्रौढ आणि शेजारी मळकट, पिसं झिजलेली पोरं अशी सरमिसळ दिसते. इथेच याद्या चुकतात. रंगावर जाऊ नका, चोच मोजा. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जेवढं अंतर, त्याहून चोच लांब असेल तर ग्रेटर. आखूड असेल तर ज्याला आपण इतकी वर्षं लेसर म्हणत आलो आणि नव्या यादीत जो तिबेटन झालाय तो. ग्रेटरचे पाय हिरवट-पिवळट असतात, पण चिखलाने माखलेले असतील तर त्या खुणेवर विसंबू नका. आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, आकड्याच्या जागी एक्स ('दिसले, मोजले नाहीत') टाकून मोकळं होणं बंद करा. दहांचा एक गठ्ठा नजरेने नीट मोजा आणि तोच पुढे सरकवत न्या. हिवाळ्यात आकडा चुकला तर सावरून घेणारे शंभर जण असतात. मे महिन्यात त्या खाडीवर कदाचित तुम्ही एकटेच असता.

हवा नैऋत्येकडून जोर धरायला लागली की खाडी सोडा आणि टेकाडावर बसा, रत्नदुर्ग किंवा विजयदुर्गासारख्या जागी. खुल्या समुद्रातले सुरय (टर्न) तेव्हा किनाऱ्याजवळ येतात. पाठ करड्या-तपकिरी रंगाची आणि कपाळाची पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, तर ब्रायडल्ड. पाठ काळीकुट्ट आणि पांढरा डाग डोळ्यापाशीच संपलेला, तर सूटी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तसं काही झालं की हे पक्षी थेट गावात येऊन पडतात.

पडलेल्या पक्ष्याचं काय करायचं, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत हवं, कारण चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक, 'समुद्राचा आहे' म्हणून त्याला परत लाटांत फेकणं. तो थकून पडलाय, लगेच बुडेल. दुसरी, चोच उघडून पाणी ओतणं. ते श्वासनलिकेत जातं. तिसरी, शिअरवॉटर हा समुद्रपक्षी चालत नाही म्हणून पाय मोडला समजून काठी बांधणं. त्याचे पाय शरीराच्या पार मागे असतात, जमिनीवर तो असाच घसटत जातो. बूबी हा लांब, टोकदार चोचीचा मोठा समुद्रपक्षी सापडला तर टॉवेल टाकून मागून डोकं धरा, तुमचा चेहरा लांब ठेवा, तो नेमका डोळ्यावर चोच मारतो. मात्र घाबरून चोचीला चिकटपट्टी लावू नका. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं, तळाशी जुना टॉवेल, वर झाकण, शांत जागा आणि १९२६ वर वनविभागाला फोन. यापलीकडे काही करू नका, पाव-दूध तर नाहीच.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांबद्दल दरवर्षी विचारणा होते: मे महिन्यात होडी मिळेल का? मिळाली तरी उतरू नका. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात आणि बेटावर सुरय वीण करतात. माणूस उतरला की सगळे एकदम उठतात आणि अंडी उघडी पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी चोरणाऱ्यांपासून पाकोळ्या वाचवायला मेहनत घेतली आहे. फोटोसाठी तिथे जाणाऱ्याचा हेतू वेगळा असला तरी उतरल्यावर पक्षी तसेच उठतात.

बंदरातल्या ब्राह्मणी घारी ३१ मेच्या आत मोजून घ्या. १ जूनपासून मासेमारी बंदी, होड्या वर ओढल्या की लिलाव थांबतो आणि घारी पांगतात. नंतरचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून बघणं फसवं आहे.

शेवटच्या दोन दिवसांत कान बागांकडे ठेवा. नवरंग साधारण या सुमाराला पोचतो, पहाटे आणि दिवेलागणीला त्याची दोन सुरांची शीळ येते. मागोमाग तिबोटी खंड्या. दोघांनाही मोबाइलवर आवाज लावून बोलवू नका, जागा धरायच्या दिवसांत ते खोट्या शत्रूशी भांडत बसतात. तिबोटी रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करतो, आणि नेमकी हीच दरड मे अखेरीस गटार साफ करताना जेसीबीने खरवडली जाते. गेल्या पावसाळ्यात तुमच्या वाडीत त्याचं बीळ कुठे होतं ते ठाऊक असेल तर जेसीबी यायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन तेवढे चार-पाच मीटर सोडायला सांगा. गटार खालून साफ होतं, त्यासाठी दरड खरवडावी लागत नाही.