‘वाघ आला की गाव उठणार’ म्हणे!

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपयला मावशीच्या फोनवर तो मेसेज पोचलाच: ‘म्हादई व्याघ्रप्रकल्प झाला की सत्तरीतले गाव उठवणार, काजू-कुळागरं (सुपारीच्या बागा) सरकारजमा. गोव्यात वाघ नाहीतच, बाहेरून आणून सोडणार.’ ती विचारते, भाट, म्हणजे आमची बागायत, आत्ताच विकून टाकू का?

वाघांचं आधी उरकतो. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. ते काय टेम्पोतून उतरवले होते?

आता गाव उठवण्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचं कलम ३८-व्ही तेवढं वाचा. व्याघ्रप्रकल्पात आतला गाभा आणि भोवतीचा बफर असतो. बफरमध्ये लोकांची उपजीविका आणि हक्क मानूनच राखण करायची, त्याची हद्दसुद्धा ग्रामसभेशी बोलून ठरवायची. गाभ्यातून हलायचं तर ते स्वखुशीने, लोक आणि सरकार दोघांना पटलेल्या अटींवर. आधी वनहक्क, म्हणजे रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे जमिनीवरचे कायदेशीर हक्क, निकाली, मग ग्रामसभेची आणि त्या माणसांची संमती, नवी जागा नि सोयी तयार. यातलं एक जरी राहिलं तरी हलवता येत नाही. उच्च न्यायालयाने २४ जुलै २०२३ रोजी तीन महिन्यांत प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, त्याच निकालात वनहक्काचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असंही आहे. ती ओळ मेसेजवाल्यांनी गाळली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते वेगळं.

भीती अगदीच हवेतली नाही, हे मान्य. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये झालं आणि लोकांचे हक्क वर्षानुवर्षं लोंबकळले. पण तो दोष वाघाचा नव्हे. वनहक्क कायद्याखालचे दावे अडतात ते ग्रामसभेत: निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, शिवाय निम्मे दावेदार. कोरम नाही की ठराव नाही. पुरावाही एकटा चालत नाही. घरपट्टीची पावती, जुना बांध, गावच्या जाणत्याचा लेखी जबाब, यांतले किमान दोन जोडा. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. अनुसूचित जमातीबाहेरच्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासही दाखवावा लागतो. दावा फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं.

आणि मावशे, भाट विकायचं म्हणतेस, पण वनहक्काची जमीन वारसाला जाते, विकता येत नाहीच.