सखोल अभ्यासाची गरज आहे

विषारी रसायनांच्या खात्यात नव्यानं खुर्ची मिळाली? अभिनंदन. आता तुमच्याकडे रोज कोणीतरी येईल, अमुक कीटकनाशक बंद करा म्हणेल. घाबरू नका. 'नाही' कधीच म्हणायचं नाही. 'अभ्यास करू' म्हणायचं. अभ्यासाला विरोध करण्याइतका निर्दयी माणूस अजून जन्माला आलेला नाही.

आपल्या देशात या अभ्यासाची भरभराट आहे. लखनौला 1965 पासून विषशास्त्राची मोठी संस्था आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची आहे, शोधनिबंधांचा तर पूर आहे. तो येऊ द्या. फक्त त्याचं पाणी तुमच्या सहीपर्यंत पोचू देऊ नका. घाई अंगाला लावून घेऊ नये, हे पूर्वसूरींकडून शिका. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठानं शंभरावर माणसं मेली. कीटकनाशकांचा कायदा झाला 1968 मध्ये, अमलात आला 1971 मध्ये.

अडचण येते ती एखाद्या संस्थेनं अभ्यास मनापासून केला तर. कासारगोडचं उदाहरण पाठ करा. तिथं काजूच्या सरकारी बागांवर हेलिकॉप्टरनं वर्षानुवर्षं एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं. खाली घरं होती, विहिरी होत्या, शाळा होत्या. मुलं व्यंग घेऊन जन्मू लागली. अहमदाबादवाल्यांनी तपासणी केली आणि 2002 मध्ये सरळ एंडोसल्फानकडे बोट दाखवलं. अशा वेळी काय करावं? अहवाल फेटाळू नये, अंगाशी येतं. आणखी समित्या नेमाव्यात. तशा नेमल्या गेल्या आणि त्यांना एंडोसल्फानचा आजारांशी संबंध सापडला नाही. एका अहवालाला दुसऱ्यानं कापलं की मध्ये तुम्ही निष्पक्ष. घोंगडं भिजत राहिलं, ते थेट 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून पिळेपर्यंत. न्यायालयापुढे कोणाचा इलाज चालत नाही, तो तुमचा दोष नव्हे.

पाठपुरावा फार लांबत असेल तर तो थांबवताही येतो. भोपाळच्या वायुपीडितांचा अभ्यास 1994 मध्ये आटोपता घेतला आणि 2010 मध्ये त्याच शहरात नवी संशोधन संस्था काढली. मधल्या काळात पीडित आजारीच होते, पण ते नोंदवहीबाहेर.

आता यवतमाळ. 2017 च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे पंपाचा फवारा सरळ तोंडावर. पत्रकारांनी विचारलं तर एकच शब्द उच्चारा: किट. मजुरानं मास्क, हातमोजे, चष्मा घातला नव्हता. विदर्भातल्या दमट उकाड्यात ते सगळं अंगावर चढवून दिवसभर पाठीवर पंप वाहून दाखवा, असं कोणी म्हणालं तर बैठक संपवा. डब्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या सूचना वाचल्या नाहीत, हाही मजुराचाच अपराध.

प्रयोगशाळेबाबत एक पथ्य पाळा. एकेक रसायन वेगवेगळं, स्वच्छ पिंजऱ्यातल्या उंदरावर तपासावं. मजूर एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवतो, त्या काल्याच्या वाटेला जाऊ नका. रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) मोजलं की ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात किती भिनलं याचा अंदाज येतो. ती तपासणी मोठ्या शहरापुरती ठेवावी. तालुक्याला ती नसली की नोंद होते 'चक्कर, उलटी', आणि पुढे तुम्हाला खात्रीनं म्हणता येतं की पुरेशी आकडेवारी उपलब्ध नाही. (हे वाक्य खोटं नसतं, हीच त्याची खुमारी.)

तरीही बंदी आणावीच लागली तर मसुद्यापासून सुरुवात करा. 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला. हरकती आल्या, पुन्हा समिती बसली, आणि 2023 मध्ये त्या यादीतल्या मोजक्यांवरच बंदी आली. बाकी बहुतेकांची सुटका झाली; फार तर काही पिकांपुरती मनाई. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाचं तर कौतुकच करा. 2013 मध्ये बिहारातल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनातून ते पोटात जाऊन 23 मुलं गेली, तरी गडी पुढे दहा वर्षं दुकानात टिकून होता.

एकच धोका आहे, श्रीलंका. त्या लोकांनी आपल्याच रुग्णालयांतल्या विषबाधेच्या नोंदी चाळल्या आणि 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी जहाल औषधं, 1998 मध्ये एंडोसल्फान बंद करून टाकलं. पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि भाताचं उत्पन्नही घटलं नाही. गरीब देश, साधे डॉक्टर, साध्या नोंदी! असली उदाहरणं बैठकीत निघाली तर म्हणा, ते बेट आहे, आपली परिस्थिती वेगळी. ती नेमकी कशी वेगळी, हे ठरवायला एक अभ्यासगट नेमा. मुदत देऊ नका.