सुरी दे ना जरा

पार्सल टेबलावर होतं आणि त्याला चिकटपट्टीचे इतके वेढे होते की आत सुरी आहे की ममी, अशी शंका यावी. सुऱ्या घडवणारे लोक पार्सलही घडवल्यासारखंच बांधतात. पात्याचं टोक खोक्यातून बाहेर येऊन पोस्टमनला भेटू नये, ही त्यांची रास्त इच्छा. त्यात कस्टमवाल्यांनी खोकं एकदा उघडून, वरून आपली पट्टी मारलेली.

बायको म्हणाली, "सुरी दे ना जरा."

साधं वाक्य आहे. ज्या घरात एकतीस सुऱ्या आहेत त्या घरात तर फारच साधं. सगळ्या हाताने घडवलेल्या, सगळ्या पक्क्या पात्याच्या, म्हणजे मुठीत न मिटणाऱ्या, आणि प्रत्येक सुरी जगाच्या वेगळ्या कोपऱ्यात कोणीतरी भट्टीसमोर घाम गाळून केलेली. मी कपाटाशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

"कुठलीही दे. ती जपानी दे."

"ती आओगामी आहे. फार कडक पोलाद. खोक्याला पिन मारलेली असली तर धारेचा टवका उडेल."

"आओगामी म्हणजे?"

"निळा कागद."

तिने पातं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "निळं कुठाय?"

"पोलाद निळं नसतं. ते ज्या कागदात गुंडाळायचे तो निळा."

"मग कागद कुठाय?"

"तो तिकडेच राहिला."

तिने सुरी परत दिली. परत देताना तिचा अंगठा पात्यावर टेकला, आणि मी तो पाहिला, आणि मी तो पाहिल्याचं तिनेही पाहिलं. घामात मीठ असतं. कार्बन पोलादाला हात लावून तसंच ठेवलं की काही दिवसांत त्यावर गंजाचा अगदी रेषान्‌रेषा ठसा उमटतो. मागे एका पाहुण्याने "अरे वा, छान आहे" म्हणत बोट फिरवलं होतं. तो गृहस्थ पुढे आमच्याकडे आला नाही, पण त्याची तर्जनी अजून माझ्या संग्रहात आहे.

पितळी बोळशीचं, म्हणजे पातं आणि मूठ जुळतात तिथल्या पट्टीचं, दुखणं वेगळंच. ती कळंकते. चामड्याला लागून राहिली की हिरवीगार होते. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यात उरलेला असतो, म्हणून सुरी कायमची म्यानात ठेवू नये असं सगळे जाणकार सांगतात. म्हणजे कारागिराने दोन दिवस खपून, त्या एका सुरीच्या मापाचं, हाताने शिवलेलं म्यान द्यायचं आणि आपण पहिल्याच दिवशी दोघांना वेगळं काढायचं. आमच्या कपाटात वरच्या खणात सुऱ्या राहतात, खालच्या खणात म्यानं. मधे मी, हातात मेणाचं फडकं.

"ती वाकडी दे मग."

वाकडी म्हणजे नेपाळची खुकरी. ती म्यानात एकटी नसते. तिच्या पाठीशी दोन छोटी पाती असतात. एक कर्दा, बारीकसारीक कामांना. दुसरी चकमक. चकमकीला मुद्दाम धार ठेवत नाहीत; मोठ्या पात्याची धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला ती असते.

"म्हणजे स्वतः काही कापायचं नाही, नुसत्या ठिणग्या पाडायच्या," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

खुकरीने चिकटपट्टी कापणं म्हणजे पोस्टाचं तिकीट कुऱ्हाडीने फाडण्यासारखं. तीही राहिली.

अमेरिकन सुरीबद्दल मी जरा लांबलो. माझं चुकलंच, पण ती गोष्टच तशी आहे. तिथे अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची १९७६ सालची संस्था आहे. तिची पहिली परीक्षा अशी : उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा. मग त्याच सुरीने २ बाय ४ ची लाकडी फळी दोनदा छाटायची. त्यानंतर, धार न लावता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी तेच पातं शेगड्यात, म्हणजे व्हाइसमधे, धरून ९० अंशांत वाकवायचं. मोडलं की नापास.

दोर आणि फळी माझ्याकडे नव्हती. वाकवायचा तर प्रश्नच नाही. उरले केस. प्रत्येक नव्या सुरीची धार डाव्या हातावर बघायची सवय लागली ती तिथून. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत आता संगमरवर आहे. डॉक्टरांनी एकदा रक्तदाब मोजता मोजता विचारलं, "इथे काही मलम वगैरे लावता का?" मी म्हणालो, "नाही, संग्राहक आहे." त्यांनी दाब पुन्हा मोजला.

"मग ही दोर तोडणारी सुरी पट्टी कापणार नाही?"

"कापेल ना. पण पट्टीचा गोंद पात्याला लागेल. तो काढायला घासावं लागेल. घासलं तर वरची नक्षी जाईल." नक्षी म्हणजे दोन जातींची पोलादं एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून, घडी घालून शेकडो थर केलेले, आणि शेवटी आम्लात बुडवून ते थर उठवलेले. त्याला हल्ली सगळे डमास्कस म्हणतात. जुनं डमास्कस निराळं होतं. त्यात घड्या नव्हत्या, मुशीत वितळवलेल्या वूट्झ पोलादातच ती लहर उमटायची. हेही मी सांगितलं. बायको खुर्चीत बसली.

आता त्या पार्सलबद्दल. ही बत्तिसावी सुरी. नाव नोंदवल्यापासून तीन वर्षं. मधे एकदा कारागिराचं पत्र आलं की पाणी देताना 'टिंग' झालं. आपण मराठीत पाणी देणं म्हणतो, तो तेलात बुडवतो, पण टिंग दोन्हीकडे सारखंच : लालबुंद पातं एकदम निवताना तडकतं आणि दोन आठवड्यांचं काम भंगारात जातं. मी सांत्वनाचं पत्र लिहिलं. घरी कोणी गेल्यावर लिहितात तसंच झालं ते.

मग कस्टम. कागदावर पोलादाचा नंबर लिहिला होता, ५२१००. ही बॉल बेअरिंगची जात. साहेबांनी ती किंमत समजून वाचली आणि खुर्चीत सावरून बसले. मी समजावलं. मग मुठीचं लाकूड आलं, डेझर्ट आयर्नवूड. हे सोनोरा वाळवंटातलं, इतकं जड की पाण्यात बुडतं.

"आयर्न की वूड? एकच लिहा."

मूठ हस्तिदंताची नाही, ब्राझीलच्या रोझवूडचीही नाही (त्या लाकडाच्या परदेशी व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे), हे लिहून दिलं. शेवटचा रकाना होता 'उपयोग'. 'कापणे' लिहावं तर संशय यायचा. 'न कापणे' हे खरं होतं, पण तिथे खरं लिहायची पद्धत नसावी. मी 'संग्रह' लिहिलं. साहेबांनी विचारलं, "आधीच्या किती आहेत?" मी आकडा सांगितला. "मग ही कशाला?" हा प्रश्न मी घरून ओळखत होतो.

एवढं सगळं होऊन पार्सल आलं आणि अजून बंदच होतं. बायको उठली, आत गेली, परत आली. कोपऱ्यात टोक टेकवलं, एक सर्रकन आवाज, वेढे दोन बाजूंना पडले.

मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. बर्चच्या सालीचे थर दाबून केलेली मूठ. माझी फिनलंडची पूक्को. म्हणजे पातं निळसर-करडं पडलं होतं आणि मूठ धरून धरून काळपट, तुळतुळीत झाली होती, पण तीच.

"ही कधीपासून?"

"आठ महिने. ड्रॉवरमधे असते, कात्रीशेजारी. छान आहे रे, सुतळी, खोकी, पेन्सिली, सगळं होतं."

मी कपाटाकडे धावलो. वरच्या खणात, बाराव्या जागी, मऊ कापडात, तेलकागदात नीट गुंडाळलेली आमची स्वयंपाकघरातली जुनी सुरी होती, प्लास्टिकच्या मुठीची. म्हणूनच मोजदाद दर महिन्याला बरोबर एकतीस भरत होती. तिला मेणसुद्धा लावलेलं होतं.

पूक्को ज्याने केली त्या फिनिश माणसाने मागे लिहिलं होतं की वापरात असलेल्या सुरीचा फोटो पाठवा. मी चकचकीत, पांढऱ्या कापडावरचा पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीचं : "चुकून नव्या सुरीचा फोटो आला आहे." आता मी बायकोच्या हातातल्या सुरीचा फोटो काढला, मागे फाटकं खोकं, आणि पाठवून दिला.

एरवी त्याचं उत्तर यायला महिना लागतो. या वेळी तासाभरात आलं. फोटो मिळाला, म्हणाला. आणि खाली विचारलं होतं, पुढची सुरी तुमच्याच नावावर लिहू की त्यांच्या?