बुटं आल्यात की, सर!

सकाळी आठ वाजता मैदानावर दोन डझन केळी, अठरा जर्सी आणि मी, एवढेच हजर होतो. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना नऊला होता. आदल्या रात्री ग्रुपवर मी लिहिलं होतं, 'उद्या आठला ग्राउंडवर. कमिटमेंट पाहिजे.' पाच मिनिटांत अठरा अंगठे आले. आपल्या देशात प्रशिक्षकाला 1985 पासून द्रोणाचार्यांच्या नावानं पुरस्कार देतात. त्या द्रोणाचार्यांनी एकच अंगठा घेतला, तर बिचारे अजून शिव्या खातायत. मला न मागता अठरा मिळाले. फक्त अंगठ्यांमागची माणसं आली नाहीत.

पावणेनऊपर्यंत कसेबसे सात जमले. सातच्या खाली संघ असेल तर सामना सुरूच करता येत नाही, असा फुटबॉलचा नियम आहे. म्हणजे सात हे आमचं पस्तीस टक्के, आणि काठावर पास व्हायची आमच्या पोरांना सवय आहे. तेवढ्यात सातव्यानं सरावाला म्हणून चेंडूला लाथ घातली. चेंडू जागेवर राहिला आणि बुटाचा तळ कॉर्नर फ्लॅगपर्यंत गेला. बुटाशिवाय खेळता येत नाही, हाही नियमच. पंचांनी आधी त्या तळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "सर, पंधरा मिनिटं देतो. नाहीतर वॉकओव्हर."

आणि अशा वेळी एम-एटीवरून आजोबा आले.

डोक्याला पांढरी टोपी, हँडलला साडीच्या दुकानाची पिशवी. गाडी त्यांनी थेट साइडलाइनवर स्टँडला लावली.

"सर कोण हितं?"

"मी."

"तुमी?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "मला वाटलं केळीवाला." मग पिशवी माझ्या हातात दिली. "नातू काय आज येत न्हाई. पन बुटं दिल्यात."

हा नातू म्हणजे आमचा स्ट्रायकर. ग्रुपवर पहिला अंगठा त्याचाच.

"येत नाही म्हणजे? आजारी आहे का?"

"आजारी कशानं पडतंय? आत्ता चार अंडी खाऊन झोपलंय."

"मग?"

"परवा पेठेची मॅच हाय न्हवं."

"आजोबा, आज कॉलेजची आहे."

"व्हय की. म्हनून तर बुटं दिल्यात. कायच दिलं नसतं, तर तुमी बोलला असता."

"अहो, पण बूट घेऊन मी काय करू?"

"घाला कुनाच्या तरी पायात. बुटं चांगली हैत, पेठेतल्या मंडळींनी वर्गणी काढून घेतल्यात. पोरगं हितं पाठवलं आनि पाय मोडला म्हंजे? पाय पेठेचा हाय, सर. कॉलेजात निस्तं ॲडमिशन हाय."

हे वाक्य बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. कोल्हापूरकराला नाही वाटणार. आमच्याकडे फुटबॉल शाळा-कॉलेजात वाढला नाही, तालमीत वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या संघांची नावं मुळात तालमींची. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी चेंडू घेतला, आणि आता पेठेचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, गल्लीत झेंडे लागतात, हरलेल्या पेठेत दोन दिवस चहा कडू लागतो. कॉलेजच्या सामन्याला प्रेक्षक म्हणून एक कुत्रं असतं, तेही केळी संपली की जातं. मी स्वतः पेठेकडून खेळलोय, त्यामुळे फार सोवळेपणा करता येत नाही. आमच्या वेळी सरांना अंगठा पाठवायची सोय नव्हती, तोंडावर थाप मारावी लागायची. त्यालाही एक कमिटमेंट लागते.

तर बूट. माप नऊ, आमच्या सातव्याचा पाय सात. कालच्या पेपरचं क्रीडा पान फाडून पुढे कोंबलं. (पूर्ण पानभर क्रिकेटच होतं. काहीतरी उपयोग झाला.) लेस बांधायला मी गुडघ्यावर बसलो होतो आणि डोक्यात 1948 चं लंडन ऑलिंपिक घोळत होतं. तिथे भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून आपण 2-1 नं हरलो, तेसुद्धा दोन पेनल्टी वाया घालवून. म्हणजे तेव्हा माणसं होती, पायात बूट नव्हते. पाऊणशे वर्षांत आपण केवढी प्रगती केली! आता बूट वेळेवर येतात.

सामन्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सात विरुद्ध अकरा, 6-0. आजोबा मात्र गेले नाहीत. माझ्या शेजारी बसून त्यांनी पाच केळी खाल्ली आणि नव्वद मिनिटं मला फुटबॉल शिकवला. "सर, माणसं पुढं काढा की!" कुठून काढू? "सर, विंगवरनं खेळवा!" विंगला माणूस नव्हता, गवत होतं. चौथा गोल झाल्यावर त्यांनी मान हलवली. "तुमच्या टीमला कमिटमेंट न्हाई, सर."

मी हसलो. हसण्याशिवाय काय करणार? खरं सांगतो, आतून फार लागलं. मी या कॉलेजात मानधनावर आहे. रविवारचा सामना हजेरीत धरत नाहीत. केळ्यांचं बिल लावलं की ऑफिसातून विचारणा येते, खेळाडू सात आणि केळी चोवीस कशी? त्या सात पोरांतली दोघं पहाटे पाचची एसटी पकडून खेड्यातून आली होती. त्यांना ना पेठ, ना वर्गणीचे बूट. सामना संपल्यावर त्यांनी माझी नजर चुकवत विचारलं, "सर, आपलं चुकलं का काय?" त्यांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आजोबांनी गाडीला किक मारता मारता आठवण केली. "सर्टिफिकेटवर नाव तेवढं घाला हां नातवाचं." सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, एवढं त्यांना पाठ होतं. ते कुठल्या पातळीवर खेळल्यावर मिळतं, हे ऐकायला वेळ नव्हता.

"पण तो खेळलाच नाही, आजोबा!"

"बुटं खेळली न्हवं, नव्वद मिनिटं? इतर पोरांच्या तर बुटांनीबी तोंड दाखवलं न्हाई."

यावर मला खरोखर उत्तर देता आलं नाही. बाकीचे दहा जण नुसत्या अंगठ्यावर भागवून मोकळे झाले होते; त्यांच्या मानानं हा पोरगा घोट्यापर्यंत तरी आला होता.

रात्री त्याचा मेसेज आला. 'सॉरी सर 🙏 बूट धुऊन ठेवा ना प्लीज, उद्या सकाळी कुणालातरी पाठवतो. परवा मॅच आहे.'

मी अंगठा पाठवला. मग न्हाणीत बसून ते बूट घासले, चिखल काढला, लेससुद्धा धुतल्या. वरून फडक्यानं कोरडे केले. आत कोंबलेलं क्रिकेट मात्र ओलंचिंब करून तसंच राहू दिलं.