सत्ता सोडायची नाहीये? मग टांझानियाची शिकवणी लावा

एखादा देश पिढ्यानपिढ्या आपल्याच पार्टीच्या खिशात ठेवायचाय आणि वर लोकशाहीवाले म्हणून मिरवायचंय पण? मग सरळ टांझानियाच्या सीसीएम पक्षाचे पाय धरा. नाव 1977 चं, पण खुर्ची आधीच्या तानू पक्षापासून, म्हणजे 1961 पासून घरातच.

सगळ्यात आधी विरोधी पक्षांना परवानगी तुम्हीच देऊन टाका. एकच पक्ष हवा की अनेक, हे बघायला नेमलेल्या न्यालाली आयोगाने 1991 मध्ये लोकांना विचारलं तर सुमारे 80 टक्के म्हणाले एकच पक्ष बरा, तरी 1992 ला कायदा बदलला, जगभर वाहवा झाली. फक्त मालमत्तेच्या वाटणीच्या भानगडीत पडू नका. एकपक्षीय काळातली स्टेडियमं, म्वान्झाचं किरुंबा, म्बेयाचं सोकोइने, अजून पक्षाच्याच नावावर आहेत, मॅच कोणाचीही असो मालक आपण.

मतदाराला खाऊपिऊ घालणं म्हणजे लाच, असं कोणी म्हणालं तर कायद्यातच लिहून टाका की प्रचारातला पारंपरिक पाहुणचार लाच नाही. 2000 साली लिहिलंच त्यांनी! 2006 मध्ये हायकोर्टाने ते उडवलं, पण तोवर दोन निवडणुका जेवून हात धुवून मोकळ्या.

पुढे फॉर्म. फॉर्मवर प्रेम करायला शिका. 2019 च्या गाव-वॉर्डाच्या निवडणुकीत विरोधकांचे अर्ज बारीकसारीक चुका काढून ढिगाने बाद केले, काही ठिकाणी अर्ज द्यायला जावं तर ऑफिसला कुलूप, साहेब गायब. वैतागून विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि पक्षाला 99 टक्क्यांहून जास्त जागा. एकही मतपेटी पळवावी लागली नाही, काय ती शिस्त!

तरी विरोधकांत एखादा टुंडू लिसूसारखा नेता निघतोच. 2017 मध्ये डोडोमात त्याच्यावर गोळ्यांचा पाऊस पडला, सोळा लागल्या, माणूस वाचला आणि 2020 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा पण राहिला. असल्या चिवट माणसाचं काय करायचं? निवडणूक सुधारा मग लढू असं तो म्हणाला की एप्रिल 2025 मध्ये देशद्रोहाचा खटला, आणि आचारसंहितेवर सही केली नाही म्हणून त्याचा चाडेमा पक्षच निवडणुकीतून बाद. पण मतपत्रिका रिकामी ठेवू नका हां, वाईट दिसतं, छोट्या छोट्या पक्षांचे सोळा उमेदवार राहू द्या, फोटो भरगच्च येतो.

मग 29 ऑक्टोबर 2025 ला मतदान. लोक रस्त्यावर उतरले तर इंटरनेट बंद, दार एस सलाममध्ये कर्फ्यू. माणसं मेली, विरोधक म्हणतात शेकड्यांनी. तुम्ही आकडा एकच सांगायचा, आपल्या राष्ट्राध्यक्ष समिया सुलुहू हसन यांना जवळपास 98 टक्के. शपथविधी लष्कराच्या मैदानावर उरका, पब्लिकला बोलवायचं नाही, उगाच गर्दी.

आणि निकालावर कोणी कोर्टात गेला तर? जाऊच शकत नाही. निवडणूक आयोगाने राष्ट्राध्यक्ष जाहीर केला की देशातलं कुठलंच कोर्ट त्यात डोकं घालू शकत नाही, घटनेतच आहे, आणि आयोगाचे मेंबर नेमणार कोण तर राष्ट्राध्यक्ष. आफ्रिकन मानवाधिकार कोर्टाने 2020 मध्ये हे कलम चूक ठरवलं खरं, पण टेन्शन नको, नागरिकांनी थेट त्या कोर्टात जायची सोय आपण 2019 लाच काढून घेतलेली असते. कोर्ट आपल्याच अरुशात आहे, ते राहू द्या, पाहुणे येतात, हॉटेलं चालतात.