पेसाहनंतरचा पाव कोणाच्या दुकानातला?

पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण, हा ज्यूंचा सण. त्यात खमीर, म्हणजे आंबवलेले धान्य आणि त्याचे पाव-बिस्किटांसारखे पदार्थ, वर्ज्य असते. तो संपला की एक संदेश फिरू लागतो: त्यानंतर महिनाभर ज्यूंनी परधर्मीयांच्या दुकानातून पाव-बिस्किटे घ्यायची नसतात, कारण सणाच्या दिवसांत तिथले खमीर विटाळते, आणि सणाआधी आपले खमीर परधर्मीयाला विकणे हे तर निव्वळ नाटक. यातले पहिले विधान नेमके उलटे आहे.

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातल्या पसाहीम या भागाच्या दुसऱ्याच अध्यायात नियम दिला आहे. पेसाहभर परधर्मीयाच्या मालकीचे राहिलेले खमीर सणानंतर ज्यूला चालते. ज्यूच्या मालकीचे राहिलेले मात्र खाता तर येत नाहीच, त्यापासून कसलाही लाभही घेता येत नाही. म्हणजे काटेकोर गिऱ्हाईक निर्धास्तपणे शिरते ते परधर्मीयाच्या दुकानात, आणि चौकशी करते ती स्वधर्मीयाकडे.

विटाळाचा येथे संबंध नाही. ती आपल्या सोवळ्याओवळ्याची छाया आहे. घरात खमीर सापडू नये, दिसू नये, अशी आज्ञा बायबलमधल्या निर्गमाच्या 12व्या आणि 13व्या अध्यायांत आहे. ती मोडून खमीर बाळगणाऱ्याला त्याचा फायदा मिळू नये म्हणून बसवलेला हा दंड आहे, हे तालमूदमधले, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातले, रब्बी (धर्मगुरू) शिमोन यांचे मत पुढे ग्राह्य ठरले. शिवाय दंड लागतो तो गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांच्या खमिरालाच. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपीय परंपरेचे, ज्यू सणात तांदूळ आणि डाळी वर्ज्य करतात, तरी ते खमीर नव्हे, त्यामुळे घरात उरलेला तांदूळ सणानंतर खुशाल शिजवावा.

'महिनाभर' ही मुदत धर्मग्रंथातली नसून गोदामातली आहे. ज्यू मालकाने खमीर विकले नसेल, तर जुना साठा संपून नवा येईपर्यंत थांबायचे, एवढाच त्यामागचा अंदाज असतो. सणानंतर आणलेल्या पिठाचा ताजा पाव ज्यू बेकरीतूनही लगेच घेता येतो. जवाच्या व्हिस्कीची बाटली मात्र फडताळावर वर्षभर पडून राहू शकते, तिथे चार आठवडे मोजून काय साधणार?

राहिला नाटकाचा आरोप. विक्रीसाठी रब्बीला मुखत्यारपत्र देतात, करारात खमीर ठेवलेल्या कपाटांची आणि खोल्यांची नोंद होते, ती जागाही सहसा भाड्याने दिली जाते. खरेदीदार इसार देतो आणि बाकी रक्कम सणानंतर द्यायची असते. ती भरून त्याने माल न्यायचे ठरवले, तर विकणाऱ्याला त्याला अडवता येत नाही. तो बहुधा नेत नाही आणि माल परत विकत घेतला जातो, हे खरे. विकलेले खमीर आपण न घेणारी काही काटेकोर माणसेही आहेत. पण बहुतेकांना ही विक्री पुरते. म्हणून इस्राएलमधल्या दुकानांत सणानंतर विक्रीचे प्रमाणपत्र लावलेले दिसते, आणि गिऱ्हाईक पावाला हात लावण्याआधी ते यंदाचेच आहे ना, हे बघून घेते.